बॅरिटोन युकुलेली : थोड्या पैशांत कोणती घ्यावी ?

मुलाला तंतुवाद्य शिकावयाचें आहे आणि त्यासाठीं बाजूस काढलेली रक्कम बेताची आहे, अशा वेळीं पुष्कळ पालक दुकानांतील सर्वांत स्वस्त वाद्य उचलून आणतात. ‘आधीं हात तर बसूं दे; पुढें चांगलें घेऊं’ असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब वरवर व्यवहारी दिसला, तरी तो उलटा आहे असें माझें स्पष्ट मत आहे. मुरलेला वादक सदोष वाद्यांतूनही कसाबसा सूर काढील. नवशिक्याला तें साधत नाहीं. महिनाभर बोटें झिजवूनही सूर लागत नाहीं, तेव्हां मुलगा ‘आपल्याला कानच नाहीं’ असें समजून वाद्य खुंटीला टांगतो. दोष मात्र पडद्यांचा असतो !

युकुलेलीचें कूळ पोर्तुगीज. १८७९ सालीं मदीरा बेटांतून उसाच्या मळ्यांवर कामाला म्हणून हवाई बेटांत गेलेल्या लोकांनीं आपलीं छोटीं तंतुवाद्यें बरोबर नेलीं, त्यांतून ही घडली. तिच्या चार नेहमींच्या प्रकारांत बॅरिटोन आकारानें थोरला, पण वयानें धाकटा. तो १९४० नंतरच्या दशकांतला. सोप्रानोची वाजती तार सुमारें १३ इंच, तर बॅरिटोनची सुमारें २० इंच असते. म्हणून तिचा स्वर खोल व गाण्याच्या साथीला गोड. तिच्या तारा डी, जी, बी, ई अशा, म्हणजे गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांप्रमाणें, लावतात. येथें शिकलेलें पुढें गिटारवर उपयोगी पडतें. परंतु इतर युकुलेली जी, सी, ई, ए या स्वरांत असतात. वर्गांतील सर्वांकडे त्या असतील, तर एकच बोटांची ठेवण त्यांवर सी आणि बॅरिटोनवर जी वाजवील ! तेव्हां शिक्षकांना विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

अखंड लाकडाचा मोह थोड्या पैशांत सोडावा. तसल्या फळीचा नाद सरस खरा. पण कोंकणच्या पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तडकूं शकते. थरांचें साधें प्लायवुड हे हाल पुष्कळ सोसतें. शिंपल्याची नक्षी आणि चकचकीत रोगण यांना तर सूर मुळींच नसतो. रुपयांतले बारा आणेच वाद्याला द्यावेत. उरलेल्या चारांत पिशवी, जादा तारा आणि कारागिराकडून घोडी व डोक्याकडील खांचा नीट करून घेणें बसवावें. स्वर जुळविण्याचें साधन आतां मोबाईलवर फुकट मिळतें.

दुकानांत पारख कानानें करावी. मोकळी तार छेडा. तो षड्ज मानला तर बाराव्या पडद्यावर नेमका तार षड्ज आला पाहिजे. चारही तारांवर हें पाहा. चढाउतार ऐकूं आला, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी तें वाद्य परत ठेवावें. बाराव्या पडद्याशीं तार तीन मिलिमीटरांहून फार उंच नसावी. नाहींतर लहान बोटें दुखतात. पहिल्या पडद्यावर दाबतांच सूर चढत असेल, तर डोक्याकडील खांचा उथळ आहेत. हा दोष मात्र दुरुस्त होतो. दांडीवरून तळवा फिरवावा, पडद्यांचीं टोंकें बोंचतां कामा नयेत. घरबसल्या मागवावयाचें असेल, तर परत घेण्याची अट आधीं वाचावी.

जुनी युकुलेली घेण्यांत कमीपणा कसला ? घोडी उचललेली नाहीं आणि दांडी वांकलेली नाहीं, एवढें पाहिलें कीं पुरे. तिच्यावर गिटारच्या पोलादी तारा मात्र चढवूं नयेत. त्यांच्या ताणानें घोडी उखडते. नायलॉनच्या संचांत बहुधा डी व जी या तारांवर धातूचें वेटोळें असतें, आणि तेंच आधीं झिजतें. म्हणून त्या दोहोंची एक जोडी घरांत असूं द्यावी.