मोकळे भांडवल, उसने पाय

२००९ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल क्लबाने सुनील छेत्री या भारतीय खेळाडूस तीन वर्षांच्या करारावर घेण्याचे ठरविले होते. क्लब राजी होता, खेळाडू राजी होता. ब्रिटिश सरकारने मात्र कामाचा परवाना नाकारला. छेत्रीच्या खेळात उणीव होती असे सरकारचे म्हणणे नव्हते. जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत असलेल्या देशांच्या खेळाडूंनाच परवाना द्यावयाचा, असा तेव्हाचा नियम होता आणि भारताचे स्थान त्या वेळी दीडशेच्या आसपास होते. पुढे ज्याने देशासाठी नव्वदाहून अधिक गोल केले, त्या खेळाडूला आपल्या देशाच्या क्रमांकापायी दारातून परतावे लागले.

त्यानंतर पंधरा महिन्यांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, पुण्याच्या व्यंकीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधील जुना व प्रतिष्ठित क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. १९३१ साली गांधीजी लँकेशायरमध्ये ज्या परिसरातील गिरणी कामगारांना भेटले, त्याच परिसरातील हे शहर. एके काळी तेथील माग भारतासाठी धोतरे विणीत असत. मालकांसाठीही तेथे एक पात्रतेची चाचणी असते, हे खरे. पण खरेदीदाराचा देश फुटबॉलमध्ये कितवा आहे, असा प्रश्न त्या चाचणीत नसतो. भारतीय पैशाला इंग्लंडच्या मैदानात जागा मिळाली. भारतीय पाय सीमेवर अडले.

या दोन घटनांमध्ये आजच्या जागतिक अर्थव्यवस्थेचा एक मोठा धडा सामावलेला आहे. म्हणूनच खेळाच्या पानावरचा हा विषय आम्ही या स्तंभात घेत आहोत. परदेशी खेळाडूंची भरती, त्यांचे परवाने आणि त्यांची उसनवारी ही केवळ क्रीडारसिकांची चर्चा नव्हे. भांडवल, श्रम आणि राज्यसंस्था यांचे परस्परसंबंध येथे इतक्या उघडपणे दिसतात, की कामगार चळवळीतील कार्यकर्त्याने ते नीट न्याहाळावेत.

प्रथम परवान्याचा इतिहास पाहू. १९३० साली, जागतिक मंदीच्या काळात, लंडनच्या आर्सेनल क्लबाने रुडी हिडेन या ऑस्ट्रियन गोलरक्षकास करारबद्ध केले. ब्रिटनच्या श्रम मंत्रालयाने त्याला देशात येऊ दिले नाही. या बंदीच्या बाजूने जे उभे राहिले, त्यांत इंग्लिश खेळाडूंची संघटनाही होती, हे समाजवाद्यांनी विसरू नये. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल महामंडळाने नियम केला, की जन्माने ब्रिटिश प्रजाजन नसलेल्या व्यावसायिक खेळाडूस दोन वर्षे वास्तव्य केल्याखेरीज खेळता येणार नाही. हा दरवाजा तब्बल ४७ वर्षे बंद राहिला.

या भिंतीमुळे इंग्लिश खेळाडूची मजुरी वाढली काय? मुळीच नाही. १९०१ साली मालकवर्गाने आठवड्याला चार पौंड ही कमाल वेतनाची मर्यादा घातली होती. परदेशी स्पर्धक दाराबाहेर असतानाच्या पहिल्या तीस वर्षांतही ही मर्यादा या ना त्या आकड्यावर टिकून राहिली. १९६१ साली ती अवघी वीस पौंड होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्या मुठीत राही आणि त्याला दुसरीकडे जाता येत नसे. ही व्यवस्था मोडली ती संघटित खेळाडूंनी. जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या धमकीपुढे कमाल वेतनाची मर्यादा कोसळली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने नोंदणी अडवून ठेवण्याची प्रथा गैरवाजवी ठरविली. परकीयाला अडविणारी भिंत आणि कामगाराला मिळालेला हक्क यांच्यामध्ये कार्यकारणाचा धागा शोधूनही सापडत नाही. भिंत होती तेव्हा मजुरी गोठलेली होती. मजुरी सुटली ती भिंत जागच्या जागी असताना, संघटनेच्या बळावर.

१९७८ साली युरोपीय समुदायाच्या नियमांमुळे ती भिंत पडली आणि त्याच उन्हाळ्यात टॉटनहॅम क्लबाने अर्जेंटिनाचे आर्डिलेस व व्हिया हे दोन खेळाडू आणले. १९९५ च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन या बेल्जियन खेळाडूच्या बाजूने ऐतिहासिक निर्णय दिला. करार संपलेल्या खेळाडूसाठी मोबदला मागता येणार नाही आणि युरोपीय संघातील नागरिकांवर संख्येचे बंधन घालता येणार नाही, ही त्या निर्णयाची दोन कलमे. १९९९ च्या नाताळानंतरच्या दिवशी चेल्सी क्लबाने पहिल्या अकरांत एकही इंग्लिश खेळाडू नसलेला संघ मैदानात उतरविला. ज्यांच्याकडे युरोपीय पारपत्र होते त्यांना दार सताड उघडे. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका येथील खेळाडूंना मात्र परवान्याची चाळणी. समतेची ही युरोपीय आवृत्ती होती.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून सर्वच परदेशी खेळाडूंसाठी गुणांची पद्धत आली. राष्ट्रीय संघातील सामने, त्या देशाची क्रमवारी, सध्याच्या क्लबाची व साखळी स्पर्धेची प्रतवारी, मैदानात घालविलेली मिनिटे अशा बाबींना गुण असतात. पंधरा गुण झाले की शिफारस मिळते. २०२३ मध्ये गुण कमी पडणाऱ्या काही खेळाडूंसाठी सवलतीच्या जागा निर्माण झाल्या. इंग्लिश खेळाडूंना क्लब किती मिनिटे खेळवितो यावर त्या जागांची संख्या ठरते, आणि वरच्या दोन विभागांतील क्लबांना त्या जास्तीत जास्त चार मिळतात. वरवर पाहता ही पद्धत निःपक्षपाती वाटेल. परंतु गुण कशाला आहेत, हे पाहिले म्हणजे तिचा पक्ष ध्यानात येतो. श्रीमंत देशांतील साखळी स्पर्धांना गुण अधिक, गरीब देशांतील स्पर्धांना कमी. ज्याला संधी मिळाली आहे त्यालाच पुढची संधी.

आता उसनवारीकडे वळू. ज्याला परवाना मिळण्याजोगे गुण नाहीत, असा सतरा-अठरा वर्षांचा होतकरू खेळाडू मोठा क्लब विकत घेतो. त्याला इंग्लंडमध्ये खेळविता येत नाही. म्हणून जेथे परवान्याचे नियम सैल आहेत अशा देशातील क्लबाला तो उसना दिला जातो. तेथे मिनिटे साठतात, गुण साठतात. मुलगा चमकला तर परवाना काढून परत आणावयाचा; न चमकला तर आणखी एका क्लबाला उसना द्यावयाचा, किंवा विकून नफा पदरात पाडावयाचा. ब्राझीलचा आंद्रेई सांतोस २०२३ च्या जानेवारीत चेल्सीने घेतला. परवाना मिळाला नाही, तेव्हा ज्या वास्को द गामा क्लबाकडून त्याला आणले त्याच क्लबात तो उसना परत गेला. मग नॉटिंगहॅम, तेथे जेमतेम संधी. मग फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग. स्ट्रासबुर्गची मालकी चेल्सीच्याच मालकसमूहाकडे २०२३ साली आली होती. म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेली ही उसनवारी. सांतोसचे नशीब थोर, तो अखेर मूळ क्लबात परतला. क्रोएशियाचा गोलरक्षक मातेय देलाच याची कथा निराळी आहे. २०१० साली तो चेल्सीचा झाला आणि २०१८ साली त्याने क्लब सोडला. मधल्या आठ वर्षांत तो देशोदेशीच्या क्लबांत उसना फिरला. चेल्सीच्या मुख्य संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे हिशेबाच्या वह्या उघडाव्याशा वाटतात. कारखान्यातील कामगार हा मालकाच्या वहीत मजुरीच्या खर्चात असतो. फुटबॉलपटूच्या नोंदणीसाठी मोजलेली रक्कम मात्र मालमत्तेच्या रकान्यात जाते आणि करार जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांत ती यंत्राच्या घसाऱ्याप्रमाणे फेडली जाते. म्हणूनच करार आठ-आठ वर्षांचे होऊ लागले. वार्षिक बोजा हलका दिसावा, एवढाच त्यामागील हेतू. २०२३ मध्ये युरोपीय महासंघाला व इंग्लिश साखळीला हिशेबापुरती पाच वर्षांची मर्यादा घालावी लागली. जागतिक महासंघाने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीवर बंधने आणली. २०२४ च्या जुलैपासून एका क्लबाला एका वेळी सहाच खेळाडू बाहेर देता येतात आणि सहाच घेता येतात. पण क्लबात घडलेले, एकवीस वर्षांपर्यंतचे खेळाडू या मोजदादीतून वगळलेले आहेत. जे सर्वांत कोवळे, त्यांच्याच बाबतीत मुभा अधिक.

कोणी म्हणेल, लक्षाधीश खेळाडूंचे अश्रू आम्ही का पुसावेत? आक्षेप रास्त आहे, पण तो शिखराकडे पाहून घेतलेला आहे. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ साली ५४ देशांतील सुमारे १४ हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी केली. त्यांतील ४५ टक्क्यांहून अधिक जणांची कमाई महिना एक हजार डॉलरांपेक्षा कमी होती आणि सुमारे ४१ टक्क्यांना मागील दोन वर्षांत वेतन उशिरा मिळाले होते. वृत्तपत्रांतील कोट्यवधींचे आकडे या बहुसंख्येचे नव्हेत. आणि परदेशातील ज्या खेळाडूचा परवाना त्याच्या क्लबाच्या नावाशी बांधलेला आहे, तो थकलेल्या पगारासाठी आवाज कसा चढविणार? नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारच जातो.

हे दुःख आमच्या कोकणातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आखातात गेलेल्या कामगारांनी प्रायोजक मालकाच्या मुठीतील परवाना काय असतो, हे पिढ्यानुपिढ्या अनुभवले आहे. विश्वचषकाच्या निमित्ताने कतारवर जगभर टीका झाली आणि २०२० साली त्या देशाला मालक बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या संमतीची अट रद्द करावी लागली. ती टीका योग्यच होती. पण तीच कसोटी युरोपच्या मैदानांना का लावू नये? आणि आपण तरी कोठे निर्दोष आहोत? गोव्याच्या मैदानांवर नायजेरियाच्या रँटी मार्टिन्ससारख्या खेळाडूंनी डेम्पो क्लबाला विजेतेपदे मिळवून दिली. २००४ च्या डिसेंबरात त्याच क्लबाचा ब्राझिलियन खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामना खेळतानाच मरण पावला. परदेशी खेळाडूवर आपण प्रेम करतो. पण आपल्याकडेही त्याचा व्हिसा मालकाशीच बांधलेला असतो, याचा विचार करीत नाही.

आपल्या चळवळीतही या प्रश्नावर दोन टोके दिसतात. एक टोक म्हणते, परकीयांना अडवा, भूमिपुत्रांना जागा द्या. दुसरे म्हणते, सारी बंधने काढा, बाजार आपोआप न्याय करील. पहिल्या मार्गाचे फळ आपण १९३१ नंतरच्या तीस वर्षांत पाहिले. दुसऱ्या मार्गाने निघालेल्या, दलालांच्या आश्वासनांवर विसंबलेल्या पश्चिम आफ्रिकेतील कित्येक मुलांना युरोपच्या शहरांत बेवारस व्हावे लागले आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर जागतिक महासंघाने घातलेले निर्बंध म्हणूनच टिकले पाहिजेत, त्यांतील पळवाटा बुजविल्या पाहिजेत.

समाजवाद्यांची भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी आणि स्पष्ट असावयास हवी. परवाना खेळाडूच्या नावाचा असावा, क्लबाच्या नव्हे. एकदा पात्र ठरलेल्या माणसाला त्याच धंद्यात मालक बदलण्याचा हक्क हवा. ज्याला खेळविता येणार नाही त्याला विकत घेऊन साठवून ठेवण्यास बंदी हवी. एकाच मालकाच्या दोन क्लबांमधील देवघेव ही उसनवारी न मानता अंतर्गत बदली मानावी आणि तिच्यावर अधिक कडक मर्यादा असावी. खेळाडूच्या हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांना देण्याची तरतूद आज आहे. गरीब देशांच्या पदरात काही पडावयाचे असेल, तर तो वाटा वाढला पाहिजे. आणि स्थानिक व परदेशी, दोघांचीही संघटना एकच असली पाहिजे.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या संघटनेने १९३० साली हिडेनला परतवून लावण्यास हातभार लावला, तिनेच १९६१ साली मालकांना नमविले. दोन्ही वेळा शक्ती कामगारांचीच होती. पहिल्या वेळी ती दुसऱ्या कामगाराविरुद्ध खर्ची पडली, दुसऱ्या वेळी मालकाविरुद्ध वापरली गेली. भिवंडीच्या यंत्रमागावर ओडिशाचा मजूर येतो, पुण्याच्या बांधकामावर बिहारचा येतो; तेव्हा आपल्या शाखांमध्येही हाच प्रश्न उभा राहतो. त्या मजुराचे नाव संघटनेच्या वहीत घ्यावयाचे की त्याला गावी परत पाठविण्याचा ठराव करावयाचा, याचे उत्तर आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या शाखेत आजच द्यावयाचे आहे.