‘न्यूटन’ संथ आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे

पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, तुमच्या आग्रहाखातर ‘न्यूटन’ बघितला. किती संथ! अर्धा वेळ माणसं नुसती बसून आहेत." घरातल्या आणखी दोघातिघांचेही तेच मत पडले. म्हणून म्हटले, लिहूनच टाकावे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमित मसुरकर यांचा हा हिंदी चित्रपट सप्टेंबर 2017 मध्ये आला. छत्तीसगडच्या जंगलातले 76 मतदारांचे केंद्र. तिथे पोचलेला नियमाला चिकटलेला कारकून न्यूटन, कसेबसे उरकून परत निघायची घाई झालेला सुरक्षा दलाचा अधिकारी, गप्पिष्ट सहकारी आणि स्थानिक शिक्षिका मलको. राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, रघुवीर यादव आणि आपल्या नाशिकची अंजली पाटील. एकेकाची तऱ्हा न्यारी!

आता संथपणाचे. त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. 2009 ची लोकसभा ही माझी शेवटची इलेक्शन ड्युटी. निवृत्तीला काही महिने उरलेले, आणि सूरजागडच्या पहाडाखालच्या एका गावात मी केंद्राध्यक्ष. आदल्या दिवशी पोलिसांच्या मागोमाग पायी गेलो, मशीनची पेटी आळीपाळीने उचलत. पहाटे उठून मॉक पोल घेतला, सील लावले, शाईची बाटली उघडली आणि बसलो. कुणी येईना. एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस, पहाटेपासून सगळे गाव झाडांखाली. दहापर्यंत आम्ही चौघे एकमेकांची तोंडे बघत होतो. एकाने घरच्या लग्नाचा हिशेब तीनदा सांगितला. एकजण बाकावर घोरू लागला. बाहेर पान हलले तरी हवालदाराचा हात बंदुकीकडे जाई. कंटाळा आणि भीती एकाच बाकावर बसलेली मी त्या दिवशी पाहिली, आणि पडद्यावर पुन्हा फक्त ‘न्यूटन’मध्ये. तेव्हा बाबा रे, दिग्दर्शकाने तो वेळ कापला नाही, याबद्दल त्याला दहापैकी दहा.

मग तक्रार कसली?

या चित्रपटात लक्षात राहतात ती बहुतेक बाहेरून आलेली माणसे. साहेब, कारकून, जवान, परदेशी पत्रकार, सगळ्यांना स्वभाव दिलेला आहे. गावकरी मात्र रांगेत उभे राहतात, जवानांसाठी कोंबडी शिजवतात आणि मशीन म्हणजे खेळणे आहे असे सांगितल्यावर बटन दाबतात. मलको सोडली तर त्यांच्यातल्या एकाचेही नाव आज मला आठवत नाही. आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो गुरुजी, त्यांचं गप्प असणं हाच तर मुद्दा आहे." मला हे अजिबात पटत नाही. गप्प कोण होते? आम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, याला त्यांचे गप्प असणे म्हणायचे? उभी हयात एटापल्ली तालुक्यात शिकवून मला माडिया जेमतेम बाजारापुरती येते. ही लाज माझी आहे, त्यांची नव्हे.

आणि योगायोग बघा. फेब्रुवारी 2017 मध्ये हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. त्याच महिन्यात आमच्या गडचिरोलीत जिल्हा परिषदेची निवडणूक होती. एटापल्ली आणि भामरागडच्या ग्रामसभांनी बैठका घेऊन आपले उमेदवार ठरवले, आणि सैनू गोटा व अ‍ॅड. लालसू नोगोटी निवडून आले. म्हणजे ज्यांना मतदान म्हणजे काय हे न्यूटनने समजावून सांगायचे, तशाच जंगलातल्या लोकांनी पक्षांना बाजूला ठेवून आपली माणसे सभागृहात पाठवली. यावर चित्रपट कोण काढणार?

शेवटाकडे खाणीची दृश्ये येतात, आणि जातात. तिकडे पुण्यात पॉपकॉर्न संपवता संपवता ती निसटून जात असतील. इथे तीच मूळ गोष्ट आहे. सूरजागडच्या पहाडावर ठाकुरदेवाचे ठाणे आहे, दर जानेवारीत सत्तर गावांची यात्रा भरते. त्याच पहाडावर 348 हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. 2016 मध्ये खोदकाम सुरू झाले, आणि त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथली सत्तर-ऐंशी वाहने जाळली. पुढे काम पुन्हा सुरू झाले. 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांऐवजी 1 कोटी टन काढायला मंजुरी मिळाली. रोजगार आला, हे मी नाकारत नाही, माझेच दोन विद्यार्थी तिथे कामाला आहेत. पण पहाड उंचीने कमी होताना दिसतो, तेही नाकारता येत नाही.

त्या 2009 च्या दिवशी दुपारी एक म्हातारा आला होता. बोटाला शाई लावून घेतली, आणि मशीनकडे न जाता माझ्यासमोर उभा राहून माडियात काहीतरी विचारू लागला. मी आपला खुणेने बटन दाखवत राहिलो. हवालदार हसला, मीही हसलो असेन. तीनला मशीन बंद केले, कागद भरले, पिशव्या सील केल्या.

परतीच्या वाटेवर सोबतच्या कोतवालाला विचारले. तो माझाच जुना विद्यार्थी. "तो म्हणे गुरुजी, हे बटन दाबल्यावर पहाड आमचाच रायते का?"

केंद्राध्यक्षाच्या डायरीत ‘विशेष घटना’ लिहायला जागा होती. तिथे मी निघण्यापूर्वीच ‘निरंक’ लिहून सही केली होती.