चामखीळ, तीळ आणि 'प्रोसिजर चार्जेस'

तर मंडळी, आज एका अत्यंत क्षुल्लक गोष्टीवरून भांडायचं आहे. चामखीळ.

भंडाऱ्यात काय, तुमसर-साकोलीत काय, मानेवरचे मस किंवा बोटावरची चामखीळ काढायला लोक हल्ली घोड्याचा केस बांधत बसत नाहीत, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जातात. उत्तम. सुन्न करायचं इंजेक्शन, कॉटरीने जाळलं, झालं. मग बिल हातात पडतं. आमच्या काकांच्या बिलावर एकच ओळ होती: 'प्रोसिजर चार्जेस २४००'. कोणती प्रोसिजर, किती ठिकाणी, कशाने? काही नाही! अख्ख्या डेटाबेसला एकच रिमार्क्स कॉलम ठेवणाऱ्या ज्युनिअरला आपण रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. इथे मात्र गुपचूप पैसे देतो :)

अमेरिकेतली बिलं म्हणजे काही स्वर्ग नव्हे, हे पुण्या-हैदराबादेत बसून त्यांचं कोडिंग करणारे तुमचे मित्रच सांगतील. पण तिथे लटकते मस काढले की ११२००, पंधरापर्यंत. पुढच्या दर दहाला ११२०१. चामखीळ जाळली तर १७११०. एक जाळा नाहीतर चौदा, कोड तोच. पंधरावी आली की १७१११. आपल्याकडे हिशोब 'नगावर', आणि नग किती ते बिलावर नाही.

आणि तीळ कापून काढला तर? कोड टाकणाऱ्याने पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट बघायची असते. साधा निघाला तर ११४०० च्या घरातला कोड, कॅन्सर निघाला तर ११६०० च्या.

माझं खरं भांडण इथे आहे. आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर कमी, मान्य. पण बेसल सेल कार्सिनोमा भारतीय त्वचेवर बऱ्याचदा काळसर दिसतो, म्हणजे थेट तिळासारखा. तो जाळून टाकला की तपासायला उरतं काय? राख. प्रत्येक चामखिळीची बायोप्सी करा असं कोणी म्हणत नाहीये. पण 'नमुना पाठवला का' हा रकानाच नसेल तर तो प्रश्न विचारायचं पेशंटच्या डोक्यात येणार कुठून?

विमा कंपनीकडे जाल तर वेगळीच गंमत. कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली, एक्सक्लूजन क्रमांक ०८. शिवाय एरवी ओपीडीत होणारी गोष्ट 'डे केअर'च्या व्याख्येतच बसत नाही. उलट जीएसटीत उपचार असेल तर माफी, नुसत्या सौंदर्यासाठी असेल तर कर. म्हणजे एकच तीळ कर टाळायच्या वेळी रोग आणि क्लेमच्या वेळी नट्टापट्टा! तो दुखत होता, रक्त येत होतं, की फोटोत वाईट दिसत होता, हे कागदावर कुठेच नाही. मग ज्याला जे सोयीचं ते तो म्हणणार.

"छोट्या गावात हे कोड कोण भरत बसणार?" हा ठरलेला बचाव. अहो, सीजीएचएसच्या दरपत्रकात तीळ, चामखीळ, अगदी कुरूपसुद्धा वेगवेगळ्या ओळीत आहेत, प्रत्येकापुढे दर छापून. म्हणजे नागपुरातल्या केंद्र सरकारी बाबूला भाव कळतो, मोहाडीच्या धान पिकवणाऱ्याला नाही. महाराष्ट्राने २०२१ च्या नियमांत नर्सिंग होमला दरफलक लावायला सांगितलं, पण ते खाटा असलेल्यांसाठी. बिनखाटेचा दवाखाना सुटला. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही.

अमेरिकन कोड आणा असं मी म्हणत नाही (ते त्यांच्या मेडिकल असोसिएशनच्या मालकीचे आहेत, वापरायला परवाना लागतो. असो.) मला पाच रकाने हवेत: काय काढलं, किती, कुठून, कशाने, आणि नमुना पाठवला का, हो की नाही. बिलबुकावर रबरी शिक्का मारला तरी चालेल. कॉम्प्युटरवरच हवं असेल तर भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरला मी एक्सेल शीट फुकट करून देतो. रविवारी दुपारी मोकळाच असतो.