ताजी मासळी बर्फात ठेवताना



गौरी-गणपती उठले, पितृपंधरवडा सरला, नवरात्र आटोपले की मासे खाणाऱ्या घरांतून पुन्हा तव्याचा खमंग वास येऊ लागतो. शेततळी भरलेली असतात, धरणाच्या पाण्यावर होड्या फिरू लागतात आणि कोणी ना कोणी पाहुणा पिशवीभर मासे घेऊन दारात उभा राहतो. दोन वेळची आमटी झाली, तळणही झाले, तरी चार-पाच किलो उरतात. पूर्वी ते शेजारीपाजारी वाटून टाकीत किंवा मीठ लावून वाळवीत. आता खेडोपाडी फ्रीज आला आहे, म्हणून पिशवी तशीच्या तशी बर्फाच्या कप्प्यात कोंबली जाते. आठ दिवसांनी ती काढावी तर तुकड्यांना पाणी सुटलेले, वास उग्र आणि चव उतरलेली. पैसे गेले ते गेलेच, वर पोरांची पोटे बिघडली तर दवाखाना आहेच. म्हणून या खेपेस हा विषय घेतला आहे.

प्रथम मासळी कोठली, हे पाहावे. पुण्याजवळचे खराडी हे मुळा-मुठेच्या काठचे गाव. 1997 साली ते पुणे महापालिकेत गेले आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. नदीकाठच्या गावाला नदीची मासळी कधी परकी नव्हती. पण आज खराडीपाशी येणाऱ्या पाण्यात सगळ्या पुणे शहराचे सांडपाणी मिसळलेले असते. नदी सुधारण्यासाठी जपानच्या अर्थसाहाय्याची मोठी योजना 2016 साली मंजूर झाली. तरीही आज या पट्ट्यात गळाला लागलेला मासा घरात आणू नये, हेच शहाणपणाचे. बर्फाने मासा टिकतो, पण त्याच्या अंगात मुरलेले विष निघून जात नाही. बर्फ, मीठ, हळद आणि चुलीचा जाळ यांपैकी कशानेही कारखान्याचे रसायन किंवा जड धातू नाहीसे होत नाहीत. पाण्यावर तरंगणारा, गुंगलेला किंवा मेलेला मासा तर कोणत्याही नदीचा असो, हातही लावू नये.

मग खराडी-वाघोली भागातल्या घरांना मासळी मिळते कोठून? समुद्राची मासळी पुण्याच्या गणेश पेठेतल्या बाजारातून येते. गोड्या पाण्याची मासळी सोलापूर रस्त्याने भिगवण, इंदापूरकडून, म्हणजे उजनी धरणातून येते. हे धरण 1980 साली पुरे झाले आणि भीमेच्या त्या जलाशयात रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम आणि चिलापी मिळू लागली. मुळा-मुठेचे पाणीही शेवटी भीमेतून तिकडेच जाते, म्हणून तिथला मासाही डोळे मिटून घेऊ नये, पारखूनच घ्यावा. ज्या घरी स्वतःचे शेततळे आहे, तिथे स्वच्छ पाण्यावर वाढवलेला मासा सर्वांत भरवशाचा.

पारख सोपी आहे. ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत असतात. शिळ्याचे आत गेलेले व पांढुरके. कल्ले उचलून पाहावेत, ते लाल असावेत, तपकिरी किंवा चिकट नसावेत. बोटाने दाबल्यास मांस लगेच वर यावे. पोट फुटलेला मासा घेऊ नये. वास पाण्याचा, शेवाळाचा आला तर चालेल; आंबूस किंवा नाकाला झोंबणारा आला तर मासा परत करावा. शिळा मासा बर्फात ठेवून ताजा होत नाही. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते झोपी जातात. बर्फ उतरला की ते पुन्हा कामाला लागतात.

शेततळ्यातून मासे काढायचे असतील तर आदल्या दिवशी त्यांना खाद्य घालू नये. पोट रिकामे असले म्हणजे आतडी लवकर कुजत नाहीत. जाळे भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी ओढावे. मासा उन्हात किंवा कोरड्या गोणपाटावर टाकून ठेवू नये. आपल्याकडच्या हवेत तासा-दोन तासांची हयगयही त्याचे आयुष्य दिवसांनी कमी करते.

वाटेत न्यायचे असेल तर बर्फ हवाच. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण धरावे. ते पुष्कळांना जास्त वाटते. पण एक किलो बर्फ वितळताना जी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात एक किलो पाणी 80 अंशांवरून शून्यावर येईल; मासा थंड होतो तो या वितळण्यानेच. बर्फाचा मोठा लगड न ठेवता तो बारीक फोडावा, म्हणजे सगळीकडून अंगाला लागतो. थर्मोकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग मासे, मग बर्फ असे थर द्यावेत. साफ केलेला मासा पोट खाली करून ठेवावा, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. पेटीला खाली भोक असावे. वितळलेल्या घाण पाण्यात मासा भिजत राहिला तर बर्फाचा उपयोग होत नाही. बर्फ खाण्याचाच घ्यावा. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. निळसर बर्फ अन्नाला लावू नये.

घरी आणल्यावर खवले काढून, पोट चिरून आतडी व कल्ले काढून टाकावेत. गाबोळी निघाली तर ती वेगळी ठेवून त्याच दिवशी खावी. पित्त फुटू देऊ नये, नाहीतर मांस कडू होते. काही ठिकाणी रोहू-कटल्याचे पित्त औषध म्हणून गिळतात. असे कदापि करू नये. त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. मग पाठीच्या कण्याजवळचे काळे रक्त बोटाने घासून काढावे, थंड पाण्याने मासा धुवावा, निथळू द्यावा आणि स्वच्छ फडक्याने कोरडा करावा.

आता एक सवय सोडायला हवी. पुष्कळ जणी तुकड्यांना मीठ, हळद, चिंच चोळून मग फ्रीझरमध्ये ठेवतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तळायचे असेल तर हे ठीक. पण महिनाभर ठेवायचे असेल तर मीठ लावू नये. मिठाने मांसातले पाणी सुटते आणि माशाची चरबी लवकर खवट होते. आंबटानेही मांसाचा पोत बदलतो. मीठ-मसाला काढल्यानंतरच लावावा.

मासा जितका लवकर गोठेल तितका चांगला. सावकाश गोठला तर आत बर्फाचे मोठे खडे बनतात, ते मांसाच्या पेशी फाडतात, आणि बर्फ उतरल्यावर रस वाहून जाऊन तुकडा कापसासारखा होतो. म्हणून मोठा गोळा करू नये. एका वेळेला लागतील एवढेच तुकडे एका पिशवीत, एका थरात, चपटे मांडावेत. जाडी इंचभर असली की पुरे. पिशवीतली हवा हाताने दाबून काढून तोंड घट्ट बांधावे. वर माशाचे नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. शंभर लिटरच्या फ्रीझरमध्ये एका दिवशी चार किलोपेक्षा जास्त ओली मासळी टाकू नये, नाहीतर आधीचे जिन्नसही मऊ पडतात.

अख्खा मासा ठेवायचा असेल तर त्याला बर्फाचे कवच द्यावे. मासा दगडासारखा गोठला की बाहेर काढून बर्फासारख्या गार पाण्यात क्षणभर बुडवावा व लगेच परत ठेवावा. असे दोन-तीनदा केले की अंगावर काचेसारखा थर चढतो. त्याने हवा लागत नाही, मासा सुकत नाही, खवट होत नाही. झिंगे व बारीक मासे डब्यात घालून, बुडतील एवढे पाणी ओतून गोठवावेत. डबा काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते.

किती दिवस टिकेल? फ्रीझरचा कप्पा उणे 18 अंशांवर राहत असेल तर कमी चरबीचा मासा सहा महिनेपर्यंत चांगला राहतो. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवावी. पण एका दाराच्या साध्या फ्रीजमधला वरचा कप्पा एवढा थंड नसतो. त्यात आठवडाभरासाठीच ठेवावी. आणि फ्रीजच्या खालच्या भागात ताजा मासा एक-दोन दिवसच, नीट झाकून ठेवावा.

वीज गेली तर? दार उघडूच नये. भरलेला मोठा फ्रीझर दार बंद असताना सुमारे दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. लहान कप्प्याला एवढाही दम नसतो. आपण गावाला गेलो असताना वीज किती वेळ गेली, हे कळत नाही. त्यासाठी एका वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचे नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. नाणे बर्फात खाली रुतलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजावे. मग जीव हळहळला तरी ती मासळी टाकून द्यावी.

शिजवण्याच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या भागात काढून ठेवावी. घाई असेल तर बांधलेली पिशवी गार पाण्यात बुडवावी. ओट्यावर किंवा उन्हात बर्फ उतरवू नये, आणि एकदा उतरला की पुन्हा गोठवू नये. म्हणूनच पिशव्या लहान कराव्यात, हे मघाशी सांगितले.

ज्या घरी फ्रीज नाही त्यांनी खंत करू नये. लागेल तेवढेच आणावे, उरलेले साफ करून भरपूर मीठ लावून कडक उन्हात, जाळीखाली वाळवावे. आपल्या सासवा-आजेसासवांनी तेच केले. फ्रीज घेतला म्हणून मासळी आपोआप टिकत नाही. माशाचा ताजेपणा, पाण्याची स्वच्छता आणि आपल्या हाताची चपळाई या तीन गोष्टी जमल्या, तरच सणानंतरची ती पिशवी चार वेळचे जेवण होते.