अलार्म म्यूट केला म्हणून आग विझत नाही

परवा आमच्या ऑफिसात वेबिनार झालं. विषय: हवामानबदलाची चिंता आणि मानसिक कणखरपणा. खोल श्वास घ्या, बातम्या कमी वाचा, वर्तमानात जगा म्हणे! अहो, मी भाईंदरला राहतो. जुलैत आमचं वर्तमान गुडघाभर पाण्यात असतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. मी तेव्हा दुसरीत होतो. बाबा अंधेरीहून रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी घरी पोचले. आई रात्रभर दाराशी बसून होती. आजही पावसाने जोर धरला की माझ्या पोटात गोळा येतो. हा आजार नाही, अलर्ट आहे. रात्री दोनला सर्व्हरचा अलर्ट आला तर मी तो म्यूट करून झोपतो का?

खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. आणि वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी हजारो खारफुटी तोडायला २०२५ मध्ये परवानगीही मिळाली. इथे खोल श्वास घेऊन काय होणार?

श्वासाशी माझं भांडण नाही. पण कणखरपणा एकट्याने मांडी घालून येत नाही. शहरातली झाडं तोडण्याआधी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, असा १९७५ चा कायदा आहे. डोंगरीतल्या मेट्रो कारशेडच्या वेळी सोसायटीतल्या चार जणांबरोबर मीही हरकत लिहिली. एका कागदाने झाडं वाचत नाहीत, हे मलाही कळतं. पण त्या रात्री शांत झोप लागली, आणि शेजारच्या काकांचं नाव सहा वर्षांनी कळलं. पुढच्या २६ जुलैला दार ठोठावायला एक घर तरी झालं.

असो. पुढचं वेबिनार हरकत कशी लिहायची यावर ठेवा. मी येईन.