पंधरा वर्षांत गाडीखाली कुणी वाकलंच नाही

पोस्ट मोठी आहे. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडकडे ज्यांच्याकडे दहा वर्षांच्या वरची गाडी आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

बाबांची छोटी पेट्रोल गाडी, २००८ ची. बाबा गेल्यावर मी चालवते. महिन्यातून एकदा आईला डॉक्टरकडे न्यायला जेव्हीएलआरवरून पवई, बाकी भाजी-बाजार. पावसाळा संपला तसा पुढच्या डाव्या चाकातून खडक्-खडक् आवाज यायला लागला. एका चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. मुलाने खालून टॅबवर फोटो काढले आणि यादी वाचली: दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, शॉकअप. "सगळे बोल्ट जाम आहेत मॅडम, खोलताना तुटले तर जबाबदारी आमची नाही." अंदाज ४१ हजार. वर फुकट सल्ला, एवढ्यात एक्स्चेंजला देऊन टाका. गाडी विकली तर साठ हजार येतील की नाही शंका!

मग नेली मरोळला, आमच्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे. आठ बाय दहाचा गाळा, अर्धं काम बाहेर फुटपाथवर. (हो, ते चूक आहे. त्यावर खाली बोलते.) लिफ्ट नाही, एअर गन नाही. एक जॅक, दोन लोखंडी घोडे, पाने-गोट्यांचा डबा, एक लांब पाईप, दोन हातोडे, हॅकसॉ. मी स्टूल टाकून दोन दिवस समोर बसले, कारण मला बघायचंच होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही बोल्ट खोलला नाही. तारेच्या ब्रशने आट्यांवरचा चिखल-गंज खरवडला, गंज सोडवायचा स्प्रे मारला, संध्याकाळी परत मारला आणि म्हणाले, "रात्रभर पिऊ दे त्याला. उद्या या." माझ्या चेहऱ्यावरचं वाचून पुढे म्हणाले, "ताई, घाई केली की बोल्ट तुटतो. तुटला की मग खरे दोन दिवस जातात."

दुसऱ्या दिवशी पाना लावला आणि आधी कसायच्या दिशेने एक झटका. मला वाटलं चुकले. तर तसं नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून नट आणि बोल्टच्या मधे पाचर मारल्यासारखा बसतो. थोडं कसून, थोडं सोडून, परत कसून ती पाचर भुगा करायची, मग तेल आत शिरतं. नटाच्या कडेवर हातोडीचे चार ठोके, परत स्प्रे. मग पान्याच्या दांड्यात पाईप घालायचा आणि झटका न देता अंगाचं वजन टाकायचं. 'कट्' असा आवाज आला की समजायचं, सुटला.

बॉल जॉइंट काढताना तर मी बघतच राहिले. त्याची दांडी निमुळती असते, नट काढला तरी खाली पडत नाही. नट शेवटच्या दोन आट्यांवर तसाच ठेवला, म्हणजे आर्म सुटून अंगावर येणार नाही, आणि दांडी जिच्यात बसते त्या कडीला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने सणसणीत ठोका. तिसऱ्या ठोक्याला खाली.

एक बोल्ट मात्र अडला. नट निघाला, बोल्ट फिरतोय, बाहेर येईना. रबरी बुशच्या आतली लोखंडी नळीच बोल्टला चिकटली होती आणि रबरासकट सगळं गोल फिरत होतं. वर्कशॉपवाला मुलगा याच बोल्टला घाबरला असणार. बाजूलाच ब्रेकचा रबरी पाईप, त्यामुळे गॅसने तापवायचा प्रश्न नव्हता. मिस्त्रींनी हॅकसॉचं नुसतं पातं कापडात गुंडाळून हातात धरलं आणि बुश आणि ब्रॅकेटच्या फटीतून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. पाऊण तास. "आर्म टाकायचाच आहे, मग त्याला कशाला जपायचं?" बसवताना नव्या बोल्टच्या उघड्या भागाला ग्रीस, आट्यांना नाही. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच पूर्ण कसले, नाहीतर बुश पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो.

शॉकअप चांगले होते, बदललेच नाहीत. दोन आर्म, दोन लिंक रॉड, बोल्ट, मजुरी मिळून साडेसहा हजार. अलाइनमेंट वेगळी.

(हे वाचून कुणी घरी प्रयोग करणार असेल तर हात जोडून सांगते, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, घोडे लावा. आणि शॉकअपच्या वरच्या मधल्या नटाला हात लावू नका, खालची स्प्रिंग दाबलेली असते, जीव घेऊ शकते.)

आता मुद्दा. काढलेला डावा बॉल जॉइंट मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. बोटाने हलत होता, लुळा. "हा चालत्या गाडीत निसटला असता तर चाक आडवं झालं असतं." मी जेव्हीएलआरवर आईला शेजारी बसवून साठने चालवत होते, हो!

२०२३ मध्ये या गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा मी नोंदणीचं नूतनीकरण केलं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झालीय, ती भरली. चेसिस नंबर, दिवे, हॉर्न, पीयूसी, विमा सगळं बघितलं गेलं. गाडीच्या खाली कुणी वाकलं नाही. मीही म्हटलं नाही की वाका, सुटले एकदाची म्हणून घरी आले.

आणि त्याआधीची पंधरा वर्षं? खासगी गाडीला आपल्याकडे पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणीच नाही. टॅक्सी-टेम्पोला आहे, आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ब्रिटनमध्ये खासगी गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी, आणि त्यात सस्पेन्शनच्या जोडांचा खेळ आणि गंजही बघतात. आपल्याकडे समुद्राची खारी हवा, सांताक्रूझला पावसाळ्यात सरासरी सव्वादोन मीटरच्या वर पाऊस, दरवर्षी तुंबणारा अंधेरी सबवे, आणि खड्डे. इथे सात वर्षांची गाडी सतरा वर्षांच्या गाडीपेक्षा खालून वाईट असू शकते. पण सरकार मोजतं ते फक्त वय.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्यांवर बंदी घालता येईल का, हे बघायला राज्य सरकारने समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची नूतनीकरण फी १०,००० झाली. धुराचा मुद्दा मला मान्य आहे. माझी गाडी बीएस-३ आहे, तिची आजच्या बीएस-६ शी बरोबरी नाही, आणि उद्या त्या कारणाने ती काढायला सांगितली तर मी भांडणार नाही. पण 'जुन्या गाड्या असुरक्षित' हे जे सोबत चिकटवलं जातं ते मला पटत नाही. असुरक्षित गाडी शोधायची तर खाली बघावं लागतं, आणि ते पाचव्या वर्षापासून बघा. फी वाढवल्याने बॉल जॉइंट घट्ट होत नाही.

"म्हणजे चिरीमिरीचा आणखी एक काउंटर," असं आमच्या सोसायटीतल्या काकांनी ऐकवलंच. भीती खरी आहे. म्हणून कागदावर शिक्का नको, खालून काढलेला फोटो नोंदीला जोडा. त्या वर्कशॉपच्या मुलाला टॅबवर जमतं ते सरकारला का जमू नये?

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. जुलै २०१५ मध्ये याच जेव्हीएलआरवर खड्ड्यामुळे मुलगा गमावलेले दादाराव बिल्होरे स्वतःच्या हाताने खड्डे बुजवत आले, हे अंधेरीकरांना सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास सहा लाखांची भरपाई ठरवली. चांगलंच झालं. पण फाटलेला बुश, वाकलेला आर्म, तुटलेली लिंक रॉड याचं बिल उपनगरातला प्रत्येक रिक्षावाला, स्कूटरवाला आणि माझ्यासारखी माणसं गुपचूप भरतात. तो रस्त्याचाच कर आहे, फक्त पावती गॅरेजची मिळते.

आणि फुटपाथ. मिस्त्री फुटपाथ अडवतात, मी स्वतः दोनदा तक्रार केली होती, आज थोडी लाज वाटते. पण चालणाऱ्याला जागा हवीच, त्यात बदल नाही. अडचण अशी की त्यांची चाळ आता पुनर्विकासात चाललीय. गाळा भाड्याचा, त्यामुळे नव्या इमारतीत त्यांना काही नाही. सव्वीस वर्षं तिथे आहेत. नव्या टॉवरमध्ये सलून येईल, मोमोजवाला येईल, ग्रीसचा डबा ठेवू देणारं कुणी येणार नाही. फेरीवाल्यांसाठी निदान कायदा आहे, २०१४ चा, वाद असले तरी आहे. छोट्या गॅरेजवाल्यांसाठी उड्डाणपुलाखालची जागा, तेल गोळा करायच्या टाकीसकट, भाड्याने द्यायला काय हरकत आहे? तिथे तशीही भंगार वाहनं पडलेलीच असतात.

त्यांना मार्चअखेर गाळा सोडायचाय. मरोळ, चकाला, साकीनाका पट्ट्यात दहा-बारा हजार भाड्यात, समोर एक गाडी उभी राहील एवढी जागा कुणाच्या बघण्यात असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी त्यांना निरोप देते.