वहीतील फूल

गेल्या श्रावणात शिरूर तालुक्यातील केंदूर गावाहून एका भगिनीचे पत्र आले. कान्हूराज पाठकांच्या समाधीमुळे हे गाव वारकरी मंडळींस परिचित आहेच. पाबळच्या बाजूचा हा मुलूख पर्जन्यछायेचा. तेथे फुलबाग म्हणजे धुण्याभांड्यांच्या पाण्यावर परसात जगलेली चार झाडे, एवढाच बहुधा अर्थ असतो. पत्रातील मजकूर त्या भगिनीच्याच शब्दांत देतो :

“आमच्या सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली. लग्न होऊन या घरी आल्या तेव्हापासून दारापुढील सडा-रांगोळी त्यांची. सुना आल्या, नातसून आली, तरी तेवढे एक काम त्यांनी कोणाच्या हाती दिले नाही. गेल्या चैत्रात चैत्रांगण काढावयास बसल्या, आणि दोघांनी धरून उठवावे लागले. तेव्हापासून गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत. घरात कोणी काही बोलत नाही. पण सकाळी त्यांच्या हातांना चैन पडत नाही, हे दिसते. माझ्या धाकट्या मुलीने आपली एक कोरी वही त्यांस दिली आणि ‘आजी, यात रोज एक फूल काढ’ असे सांगितले. वही आठ दिवस देवघरातील फळीवर पडून आहे. ‘मला चित्र काढता येत नाही ग,’ असे सासूबाई म्हणतात. मुलगी म्हणते, ‘मला तरी कोठे येते!’ तिने मोबाइलवर फुलांचे सुबक नमुने दाखविले, ते पाहून त्या अधिकच बिचकल्या. दोघींनी आरंभ कसा करावा, हे सांगाल काय?”

उत्तर मी टपालानेच धाडले. परंतु अशी कोरी वही आणखी कित्येक घरांतून फळीवर पडलेली असेल, म्हणून त्याचा सारांश या महिन्याच्या सदरात देत आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की ज्या हाताने पन्नासाहून अधिक वर्षे रांगोळी सोडली तो हात नवशिका म्हणता येणार नाही. रेघ कोठे जाड व्हावी, कोठे बारीक, कोठे वळावी आणि कोठे थांबावी, हे चिमटीला ठाऊक असते. पेन्सिलीस तरी याहून अधिक काय शिकावयाचे असते? मग अडते कोठे? अडते ते असे, की रांगोळीतील फूल हे स्मरणातील फूल असते. आपण अष्टदल कमळ काढतो ते तळ्यातील कमळ पाहून काढीत नाही. तळ्यातील कमळास पाकळ्या आठाहून कितीतरी अधिक असतात. उभी, आडवी आणि दोन तिरक्या अशा चार रेघा ओढल्या की आठ दिशा आपोआप मिळतात, म्हणून रांगोळीस आठ पाकळ्या सोयीच्या. ती आकृती आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आली, आणि तिचे सौंदर्य निराळे आहे. वहीतील फूल मात्र समोर ठेवून पाहावयाचे असते. देवाला वाहताना किंवा वेणीत माळताना फूल रोज हाती येते खरे. पण त्याला पाकळ्या किती, असे कोणी विचारले तर आपण गोंधळतो. ‘मला चित्र येत नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘मी ते फूल नीट पाहिलेले नाही’ एवढाच असतो.

म्हणून या वहीचा नियम एकच : आधी मोजावे, मग काढावे.

साहित्य फारसे नको. रेघा नसलेली वही, टू-बी ही मऊ पेन्सिल, आणि ताजे फूल ठेवावयास पाण्याची वाटी. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांनी खुर्चीवर बसून मांडीवर लाकडी पाट घ्यावा व त्यावर वही ठेवावी. उजव्या हाताने काढणाऱ्याने उजेड डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खोडरबर पहिले दोन महिने दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करावे. ते हाताशी असले की डोळा फुलावरून उठतो आणि चुकीवर जाऊन बसतो.

पहिला धडा दारच्या सदाफुलीचा. मूळची ही मादागास्कर बेटावरील; पण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की तिला परकी म्हणावयास जीभ वळत नाही. बाराही महिने फुलते, पाकळ्या सपाट आणि बरोबर पाच. कागदावर मध्यबिंदू मांडावा, सभोवार फिकट वर्तुळ काढावे आणि त्यावर पाच ठिपके द्यावेत. पाच ही विषम संख्या असल्यामुळे अर्ध्याचे अर्धे करीत जाण्याची रांगोळीतील रीत येथे चालत नाही. त्यावर युक्ती अशी : वर्तुळात हातपाय पसरून उभा असलेला माणूस मनात आणावा. डोके वर, दोन हात बाजूंस किंचित उचललेले, दोन पाय खाली फाकलेले. हे पाच ठिपके झाले. आता प्रत्येक ठिपक्याकडे जाणारी पाकळी मध्याशी अरुंद व बाहेर रुंद काढावी. तिची बाहेरची कड जवळजवळ सपाट, मधोमध बारीकसे टोक. शेवटी मधला डोळा. फिकट वर्तुळ तसेच राहू द्यावे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

दुसरा धडा तगरीचा. एकेरी तगरीलाही पाकळ्या पाचच. पण प्रत्येक एकाच बाजूस वळलेली, वाऱ्यावर फिरणाऱ्या भिंगरीसारखी. तेव्हा मध्यापासून ठिपक्यांकडे पाच वाकड्या रेघा, सर्व एकाच दिशेने, आधी काढाव्यात आणि त्यांवर पाकळ्या चढवाव्यात. सदाफुली व तगर शेजारी शेजारी काढली, की पाच हा आकडा एक असूनही दोन फुलांची चाल किती वेगळी, हे कोणी सांगावे लागत नाही.

तिसरा धडा मुळ्याच्या किंवा मोहरीच्या फुलाचा. यांना पाकळ्या चार, समोरासमोर, अधिक चिन्हासारख्या. मुलांनी आरंभ येथून केला तरी चालेल.

चौथा धडा कांद्याचा. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्यास माघ-फाल्गुनाच्या सुमारास डेंगळे येतात. दुरून तो पांढरा चेंडू वाटतो. जवळून पाहावे तो शेकडो इवली फुले, आणि प्रत्येकाला सहा पाकळ्या व सहा केसर. सहा भाग करणे सर्वांत सोपे. बांगडी कागदावर ठेवून वर्तुळ काढावे. त्याच्या मधोमध मोजलेल्या रुंदीच्या बरोबर निम्मा दोरा घ्यावा आणि तो सरळ ताणून, एका टोकापुढे दुसरे असा वर्तुळाच्या कडेवर मांडीत जावे. सहाव्या खेपेस तो आरंभाच्या ठिपक्यावरच येतो.

हे आकडे केवळ चित्राच्या सोयीचे नाहीत. ज्यांचे बी दोन दळांनी उगवते, त्या झाडांच्या फुलांत बहुधा चार किंवा पाच पाकळ्या असतात. जे एकाच दळाने उगवते, त्यांत तीन किंवा सहा. कांदा, लिली, निशिगंध ही दुसऱ्या घराण्यातील. वहीच्या वीस पानांनंतर नातीला हे पुस्तकाविना उमगेल, आणि आजीलाही.

झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांची गोष्ट निराळी. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते खरोखर अनेक फुलांचे बिऱ्हाड असते. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल, आणि मधल्या गर्दीतही शेकडो नांदतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस ही रचना अधिक फोडून सांगावयास नको. ते काढताना मधली वाटी आधी, मग तिच्या कडेने पहिली ओळ, मग दोन पाकळ्यांच्या फटीतून डोकावणारी दुसरी.

सरळ समोरून काढणे साधले, की फूल वाटीत थोडे कलते ठेवावे. समोरून जे वर्तुळ दिसत होते, ते आता बाजूने पाहिलेल्या वाटीच्या तोंडासारखे लांबट दिसेल. जवळच्या पाकळ्या पूर्ण, पलीकडच्या आखूड. जास्वंदीचा मधला दांडा अशा वेळी फार उपयोगी पडतो : तो आधी काढला की फुलाचा कल ठरतो. त्याच्या टोकाशी पाच तांबडे ठिपके असतात, तेही मोजून घ्यावेत.

म्हातारपणी हात कापतो, याचे काय? कापू द्यावा. झेंडूची कड कोठे सरळ असते? काटेकोर रेघ हवी असेल तेथे मनगट पाटाला टेकवावे आणि रेघ स्वतःकडे ओढावी, दूर ढकलू नये. एवढ्याने निम्मा कंप ओसरतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक चित्राखाली तीन ओळी अवश्य लिहाव्यात : घरात त्या फुलाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव, तिथी व तारीख, आणि फूल कोठे मिळाले ते. वर्ष संपेल तेव्हा तरवड केव्हा फुलला, प्राजक्ताचा सडा कोणत्या पंधरवड्यात पडला, पावसाने ओढ दिली त्या वर्षी काय फुललेच नाही, याची घरची नोंद तयार होईल. अवर्षणाच्या मुलुखात अशी वही पुढच्या पिढीस मोलाची वाटेल. आणि या तीन ओळींखाली, चौथी म्हणून, काढणाऱ्याने आपले नाव घालावे.

हे नावाचे एवढे अगत्य का, ते सांगतो. पुण्याशेजारी दापोडीस, त्या काळच्या दापुरीस, कंपनी सरकारची एक वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर तिचे व्यवस्थापक होते. त्यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतील व आसपासच्या वनस्पतींची सुमारे १७० रंगीत चित्रे एका चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानाच्या संग्रहात आहेत, आणि २००२ साली तेथील हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. चित्रे काढविणाऱ्याचे नाव राहिले. वनस्पतींची नावे राहिली. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता, यापलीकडे त्याची ओळख उरलेली नाही. ज्या डोळ्याने एवढ्या पाकळ्या आणि एवढे केसर मोजले, त्याच्या धन्याला आपण नावाने हाक मारू शकत नाही.

आपल्या घरांतील स्त्रियांच्या रांगोळ्यांचे तर याहूनही विशेष. सकाळी काढली, दुपारपर्यंत पावलांखाली गेली, दुसऱ्या दिवशी सड्याने धुतली. ती तशी जावी यातच तिचा धर्म आहे, हे मला मान्य आहे. परंतु वही पुसली जात नाही. तेव्हा तिच्यात नाव घालण्याचा संकोच धरू नये.

इतके त्या भगिनीस लिहिले होते. मार्गशीर्षात त्यांचे दुसरे पत्र आले. वहीची निम्मी पाने भरली आहेत. प्राजक्ताला पाकळ्या सहा की सात, यावरून आजी-नातीचा एका सकाळी वाद झाला. दोघींनी आपापले फूल पुढे केले, आणि दोघीही खऱ्या ठरल्या. प्राजक्ताच्या पाकळ्या पाचापासून आठांपर्यंत कितीही असतात. नवरात्रात घटाच्या माळेसाठी आणलेल्या तरवडाचे एक फूल सासूबाईंनी बाजूला काढून ठेवले होते. “इतकी वर्षे माळा ओवल्या, पण याला पाच पाकळ्या असतात हे आजच कळले,” असे त्या म्हणाल्या. नातही काढते, तिची तगर अजून उलटी फिरते.

पत्राच्या शेवटी मात्र एक प्रश्न होता. “तीन ओळी सासूबाई नियमाने लिहितात, चौथी कोरी ठेवतात. काल मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, ‘लग्नात नाव बदलले. माहेरचे नाव गेल्या साठ वर्षांत मी कोठे लिहिलेले नाही. फुले ओळखायला शिकले ती माहेरच्या परसात, काढते आहे ती या घरात. मग खाली कोणते घालू?’ आपण काय सांगाल?”

मी त्यांस एवढेच कळविले, की याचा निकाल सासूबाईंनीच करावा. आणि तो एकदाच करावयास हवा असेही नाही. ज्या दिवशी जे नाव जवळचे वाटेल ते त्या पानाखाली घालावे. वहीची निम्मी पाने अजून शिल्लक आहेत.

माघात डेंगळे येऊ लागतील. ज्यांनी आरंभ केला असेल त्यांनी तोवर बांगडी व दोरा तयार ठेवावा.